प्रमाण मागणारा श्रद्धावंत : फादर नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सागाच्या आणि बांबूच्या दाट रानातून हेमलकशाला पोहोचतो. तेथून थोड्याच अंतरावर पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तेथे आपले आयुष्य वाहिले. त्या वेळी या भागातील माडिया बांधवांपर्यंत ना शाळा पोहोचली होती, ना दवाखाना, ना बारमाही रस्ता. पावसाळा लागला, नद्या फुगल्या की गावांचा उर्वरित जगाशी संबंध तुटत असे.

या रानात उभे राहिले की एक जुना प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. परमेश्वर सर्व मानवांचा पिता असेल आणि तारणाचा मार्ग त्याने आपल्या पुत्राच्या द्वारे खुला केला असेल, तर ज्यांच्या कानांवर त्या पुत्राचे नाव पिढ्यानुपिढ्या पडलेच नाही, त्यांचे काय? एका देशात, एका काळी घडलेल्या घटनेवर साऱ्या मानवजातीचे तारण अवलंबून असावे, हा न्याय कसा?

सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी काशीतील एका तरुण मराठी पंडिताने हाच प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या विरोधात संस्कृतमध्ये लिहून मांडला होता. प्रश्न चतुराईने विचारलेला नव्हता. उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याला चैन पडणार नव्हते. तोच पंडित पुढे ख्रिस्ती झाला, धर्मगुरू झाला, आणि त्या सेवाकाळात काही दिवस चांद्यासही येऊन राहिला. त्या वेळी हेमलकसा आणि भामरागडचे हे सारे रान चांदा जिल्ह्याच्याच हद्दीत मोडत होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. या पंडिताचे नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नहेम्या गोऱ्हे.

श्रद्धेसाठी प्रमाण मागणे म्हणजे श्रद्धेत उणीव असणे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. फादर गोऱ्हे यांचे चरित्र याच्या नेमके उलट सांगते. म्हणूनच त्याची ओळख येथे करून देत आहोत.

काशीतील मराठी घर

नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीपासून काही मैलांवर असलेल्या काशीपुरा या गावी झाला. घराणे मूळचे कोकणस्थ ब्राह्मणांचे. पेशवाईच्या काळात अनेक मराठी कुटुंबे उत्तरेत गेली व तिकडेच स्थायिक झाली, त्यांपैकी हे एक. कुटुंब पुढे काशीला येऊन राहिले. घरात संपन्नता होती, विद्या होती आणि धर्माचरणाची कडक शिस्त होती. नीळकंठांचे शिक्षण जुन्या परंपरेप्रमाणे संस्कृतमध्ये झाले. व्याकरण आणि न्याय या शास्त्रांत त्यांनी लहान वयातच प्रावीण्य मिळवले. न्यायशास्त्राने त्यांना एक सवय लावली, ती जन्मभर टिकली : कोणतेही विधान समोर आले की त्याला प्रमाण काय, असे विचारायचे.

ही सवय त्यांनी परधर्मीयांपुरती ठेवली नाही. घराण्याची उपासना शिवाची होती. परंतु शास्त्रांचा अभ्यास केल्यावर नीळकंठांना विष्णूपासना अधिक युक्त वाटली आणि त्यांनी ती स्वीकारली. कुलाचार बदलणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. जे पटले ते आचरणात आणायचे, मग त्याची किंमत काहीही असो, हा त्यांचा स्वभाव येथेच प्रथम दिसून येतो.

विरोधक म्हणून पहिली भेट

त्या काळात काशीच्या रस्त्यांवर व घाटांवर मिशनरी प्रवचने करीत असत. तरुण नीळकंठांना त्यांचा राग येई. या प्रचारकांना वादात निरुत्तर करावे, या हेतूने ते चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी वाद वाढवला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वाचायला पुस्तके दिली.

याच सुमारास विद्वानांच्या वर्तुळात एक मोठा वाद चालू होता. जॉन म्यूर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने १८३९ मध्ये मतपरीक्षा नावाचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून धर्माची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी, याची मांडणी केली होती आणि त्या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्म उतरतो असे प्रतिपादन केले होते. त्याला तीन हिंदू पंडितांनी संस्कृतमधूनच उत्तरे दिली. त्यांतील तिसरे आणि विचाराने सर्वांत खोल उत्तर नीळकंठ गोऱ्हे यांचे होते. शास्त्रतत्त्वविनिर्णय हा त्यांचा ग्रंथ १८४४-४५ मधला. लिहिणाऱ्याचे वय अवघे विशीच्या घरात होते.

त्या ग्रंथातील आक्षेप आजही वाचकाला विचारात पाडतात. कोवळी बालके आणि मुकी जनावरे दुःख का भोगतात? पूर्वजन्मीचे कर्म मानले तर उत्तर मिळते. एकच जन्म मानला तर या दुःखाचा दोष निर्मात्याकडे जात नाही काय? मोजक्या वर्षांच्या आयुष्यातील पापासाठी अनंतकाळची शिक्षा कशी न्याय्य ठरते? आणि ज्यांना ख्रिस्ताविषयी काही कळण्याचा मार्गच नव्हता, त्यांनी काय करावे? याखेरीज त्यांचे आणखी एक म्हणणे होते. धर्माच्या बाबतीत केवळ तर्क हा शेवटचा न्यायाधीश होऊ शकत नाही. शास्त्रावरील श्रद्धा आधी, तर्क तिच्या मागोमाग.

हे आक्षेप ज्याने लिहिले त्यानेच पुढे ख्रिस्ताला शरण जावे, ही घटना म्हणूनच लक्षणीय आहे. फादर गोऱ्हे यांना ख्रिस्ती धर्मातील अडचणी कोणी नंतर दाखवून दिल्या नाहीत. त्या त्यांना सर्वांत आधी, स्वतःलाच दिसल्या होत्या.

डोंगरावरील प्रवचन

मग त्यांचे मन वळले कशाने? पहिले कारण वैयक्तिक होते आणि ते तर्काच्या वाटेने आले नाही. खंडन करण्यासाठी वाचायला घेतलेल्या पुस्तकांत मत्तयाचे शुभवर्तमान होते. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना थांबवले. ज्या गुरूच्या शिकवणीत दोष काढायचे म्हणून ते वाचत होते, त्या गुरूने त्यांच्याच अंतःकरणात दोष दाखवला. बाह्य शुद्धी त्यांना चांगली परिचित होती. आचार-विचार, सोवळे-ओवळे यांत ते वाढले होते. परंतु द्वेषालाच हत्येचे मूळ मानणारी, वैऱ्यावरही प्रेम करायला सांगणारी, गुप्त दानाची आणि गुप्त प्रार्थनेची ही शुद्धी वेगळी होती. पापाची जाणीव ही त्यांच्यासाठी सिद्धांताची बाब राहिली नाही. तो त्यांचा स्वतःचा अनुभव झाला.

तरीही त्यांनी घाई केली नाही. शंका निघत, त्या स्मिथ यांच्यापुढे मांडल्या जात, पुन्हा नव्या निघत. घरच्यांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी मनधरणी केली, अश्रू ढाळले, अडवण्याचा प्रयत्न केला. वडिलांवर त्यांचे अतिशय प्रेम होते. ज्यांच्याविषयी मनात तक्रार नाही अशा माणसांना दुखवून जाणे, हे शत्रूला दुखवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. अखेर १४ मार्च १८४८ रोजी त्यांचा स्नानसंस्कार झाला. काशीत क्षोभ उसळू नये म्हणून तो जौनपूर येथे करण्यात आला. त्यांनी नहेम्या हे नाव घेतले. बायबलमधील नहेम्याने यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा उभारली होती. गोऱ्हे यांच्या वाट्याला मात्र आधी स्वतःचे घर मोडलेले पाहणे आले.

श्रद्धेची किंमत

पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्यांच्याकडे राहायला आल्या. १८५३ च्या सप्टेंबरात काशीत त्यांना मुलगी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाईंचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनीही स्नानसंस्कार स्वीकारला होता. मातृहीन बालिकेला वाढवायला ना आजी होती, ना आत्या. स्नानसंस्कारासरशी ती सारी नाती दुरावली होती. तिचा सांभाळ युरोपीय कुटुंबांत झाला आणि पुढे ती इंग्लंडात वाढली. हीच एलन लक्ष्मी गोऱ्हे. त्यांनी इंग्रजीत भक्तिगीते लिहिली, १८८० मध्ये त्या भारतात परतल्या आणि अलाहाबादेत त्यांनी सेविका म्हणून दीर्घकाळ कार्य केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. बापलेकीच्या वाट्याला एकत्र घर फारसे आलेच नाही. चरित्रकार अशा गोष्टी एका ओळीत सांगून पुढे जातात. परंतु ज्यांनी आपल्या लेकराला दुसऱ्याच्या ओटीत घातले आहे, त्यांना त्या ओळीचा भार कळेल.

१८५४ मध्ये पंजाबचे तरुण महाराजा दुलीपसिंग इंग्लंडला निघाले. त्यांनी आदल्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांचे शिक्षक म्हणून गोऱ्हे यांना बरोबर पाठवण्यात आले. तेथे राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, मानसन्मान लाभला. परंतु गोऱ्हे यांच्या मनाला वेगळाच धक्का बसला. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशात डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे जगणारी माणसे दिसतील, या अपेक्षेने ते गेले होते. दिसली ती लंडनची धावपळ, पैशाची हाव आणि गरिबांची उपेक्षा. ऑक्सफर्डला माक्स म्यूलर यांना ते भेटले तेव्हा अत्यंत व्यथित होते, आणि हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी परत जाऊ इच्छितो अशा अर्थाचे बोलले, असे म्यूलर यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

येथे त्यांची श्रद्धा मोडू शकली असती. मोडली नाही याचे कारण असे की, ती ख्रिस्ती लोकांवर उभी नव्हती, ख्रिस्तावर उभी होती. अनुयायांची वागणूक पाहून गुरूचा निर्णय करायचा नाही, हे त्यांनी त्या दिवसांत शिकून घेतले. मायदेशी परतल्यावरही त्यांनी साहेबी राहणी कधी स्वीकारली नाही. साधे वस्त्र, साधे अन्न आणि उपवास, हीच त्यांची रीत राहिली.

इतिहासाचे प्रमाण

१८६० मध्ये त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा व वेदान्त या सहाही दर्शनांची त्यात चिकित्सा आहे. त्यांच्या निष्कर्षांशी सर्वच जण सहमत होणार नाहीत; आज आंतरधर्मीय संवादाच्या काळात त्यांतील काही भाग कठोरही वाटतो. तथापि, आपण ज्याचे खंडन करतो ते आधी मुळातून जाणून घेतले पाहिजे, हा त्या ग्रंथाचा दंडक आजही अनुकरणीय आहे. परधर्माविषयी ऐकीव माहितीवर बोलण्याचा दोष त्यांना कोणीही देऊ शकत नाही.

वैयक्तिक अनुभवाने आलेला विश्वास दुसऱ्याला सांगायचा तर केवळ मला असे वाटले, एवढे म्हणून भागत नाही. गोऱ्हे नैयायिक होते. त्यांना हे चांगले ठाऊक होते. म्हणून त्यांच्या उत्तरकालीन लेखनात दुसऱ्या प्रकारचे प्रमाण पुढे येते. ते म्हणजे इतिहासाचे. १८८७ मध्ये त्यांनी प्रभू येशूच्या ईश्वरत्वाच्या प्रमाणांविषयी इंग्रजीत पुस्तिका लिहिली. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला काही प्रमाण आहे काय, या प्रश्नालाच शीर्षक करून त्यांनी मराठीतही लेखन केले.

इतिहासाचे प्रमाण म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. ख्रिस्ती श्रद्धा कालातीत तत्त्वांवरच उभी नाही. ती काळात घडलेल्या एका घटनेवर उभी आहे. रोमन सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत, पंतय पिलात यहुदियाचा सुभेदार असताना येशूला देहदंड झाला, ही गोष्ट टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही नोंदवली आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. संत पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते क्रूसारोहणानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत. पुनरुत्थित प्रभूला ज्यांनी पाहिले त्यांची नावे त्या पत्रात आहेत आणि त्यांतील बहुतेक जण तेव्हा हयात होते, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला जाऊन विचारता येत होते. अटकेच्या रात्री पळून गेलेले शिष्य काही आठवड्यांतच त्याच यरुशलेमात उघडपणे साक्ष देऊ लागले. या बदलाला काही कारण असले पाहिजे. एखाद्या कार्याला पुरेसे कारण मागणे ही तर न्यायशास्त्राचीच पद्धत.

यातून श्रद्धा गणितासारखी सिद्ध होते असे नव्हे. ऐतिहासिक प्रमाण माणसाला दारापर्यंत आणते. उंबरठा त्याने स्वतः ओलांडायचा असतो. परंतु दार आहे, ते रंगवलेली भिंत नाही, एवढे मात्र त्यातून कळते.

प्रार्थना समाजाशी संवाद

१८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष त्यात होते. एकच निराकार ईश्वर, तो सर्वांचा पिता, त्याची प्रार्थना करावी, जातिभेद व मूर्तिपूजा मानू नये, ही त्यांची शिकवण होती. मात्र कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत आहे हे त्यांना मान्य नव्हते. ईश्वराविषयीची ही सत्ये मनुष्याच्या बुद्धीला स्वभावतःच कळतात, असे त्यांचे म्हणणे. गोऱ्हे यांनी मुंबईत आणि पुण्यात ब्राह्मो व प्रार्थना समाजाच्या मंडळींपुढे व्याख्याने दिली.

त्यांचा युक्तिवाद वेगळाच होता. ही सत्ये जर बुद्धीला सहज कळणारी आहेत, तर आमच्या देशातील एवढ्या कुशाग्र दर्शनकारांना ती याच रूपात का कळली नाहीत? शून्यातून सृष्टी निर्माण करणारा, आणि निर्माण केलेल्यांवर पित्याप्रमाणे प्रेम करणारा ईश्वर सहा दर्शनांपैकी एकातही नाही. मग तो एकोणिसाव्या शतकात अचानक सर्वांना कसा सुचला? त्यांचे उत्तर असे : ज्या प्रकाशात तुम्ही पाहता तो प्रकाश ख्रिस्ताकडून आला आहे, मात्र दिवा कोणाचा हे तुम्ही विसरला आहात. १८८९ मधील त्यांच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा तर विषयच असा होता की, ब्राह्मो मताचे अस्तित्व हेच ख्रिस्ती धर्माच्या दैवी उगमाचे प्रमाण आहे.

मराठी वाचकाला येथे संतांची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे. प्रार्थना समाजाने तुकोबांच्या अभंगांतून प्रेरणा घेतली होती. विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारणाऱ्या भक्तांना ईश्वराच्या वात्सल्याची ओळख नव्हती, असे म्हणता येणार नाही. दर्शनांची चिकित्सा करताना गोऱ्हे यांनी भक्तीच्या या प्रवाहाला पुरेसे स्थान दिले नाही, असे आज वाटते. ते स्थान त्यांच्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दिले.

चांद्यातील दिवस

गोऱ्हे आरंभी चर्च मिशनरी सोसायटीच्या परंपरेत होते. पुढे आदिम ख्रिस्तसभेचा इतिहास आणि धर्मपित्यांचे ग्रंथ वाचून त्यांचा ओढा सांस्कारिक, कॅथलिक परंपरेकडे झुकला. ते अखेरपर्यंत अँग्लिकन ख्रिस्तसभेतच राहिले. परंतु पवित्र मिस्सा, पापनिवेदन, उपवास आणि व्रतस्थ जीवन यांविषयीची त्यांची ओढ आपल्याला जवळची वाटेल अशी होती. येथेही कारण इतिहासाचेच होते. प्रभूने स्थापलेली ख्रिस्तसभा प्रेषितांपासून आजपर्यंत अखंड असली पाहिजे, असे त्यांना वाटे. १८६८ मध्ये त्यांना उपयाजकपदाची आणि १८७० मध्ये कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्या काळात याजकपदाची दीक्षा मिळाली.

त्यानंतरच्या सेवाकाळात ते चांद्याला आले. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल ख्रिस्तसभेच्या आधाराने तेथे मिशनचे काम उभे राहत होते. परकोटाच्या आतील ते गोंड राजांचे जुने नगर. रेल्वे तेथवर पोहोचली नव्हती. आग्नेयेकडे अहेरीची जमीनदारी आणि तिच्यापलीकडे ते रान, ज्यात आजचे हेमलकसा आहे. काशीच्या पंडितसभेत गाजलेला, विलायतेतील राणीला भेटलेला हा विद्वान अशा आडगावी साध्या धर्मगुरूसारखा राहिला. या मुक्कामात मोठे समूह ख्रिस्ती झाले असे नाही. फादर गोऱ्हे यांच्या कोणत्याच मुक्कामात तसे झाले नाही. ते एकेका माणसाशी बोलत, एकेक शंका घेऊन तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करीत.

आज याच भूमीत १९६२ पासून चांदा धर्मप्रांताचे कार्य चालू आहे. ते कार्य वेगळ्या परंपरेतले आहे. परंतु आपल्याआधी या वाटेने कोण चालून गेले, हे जाणून घेणे हाही कृतज्ञतेचाच भाग आहे.

शंका आणि निष्ठा

१८७४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संत योहान संघाचे व्रतस्थ धर्मगुरू मुंबईत आले. गोऱ्हे त्यांच्याकडे आकृष्ट झाले आणि १८७६ मध्ये संघात नवदीक्षित म्हणून राहण्यासाठी पुन्हा इंग्लंडला गेले. जन्मभर ते या संघाच्या छायेत राहिले; अखेरचे व्रत मात्र त्यांनी घेतले नाही. त्यांच्या मनातील शंका पुन्हा पुन्हा डोके वर काढत, आणि मन पूर्ण निःशंक नसताना जन्माचे व्रत घेणे त्यांच्या प्रामाणिकपणाला पटत नव्हते. विशेषतः अनंतकाळच्या शिक्षेचा तो विशीतला आक्षेप त्यांना वृद्धपणीही सोडत नव्हता. त्यावर त्यांनी स्वतःच पुस्तिका लिहिली होती. एखादा प्रश्न दुसऱ्यासाठी सोडवला म्हणजे तो आपल्यासाठी सुटतोच असे नाही.

अशा माणसाला दुर्बल श्रद्धेचा म्हणावे काय? चिन्हे, चमत्कार किंवा गोड अनुभूती यांच्या आधारावर ज्यांचा विश्वास टिकतो, त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही. परंतु ज्याला अशी अनुभूती क्वचितच मिळाली, ज्याने पिता, पत्नी, घर, कन्येचा सहवास हे सारे गमावले, आणि तरीही सत्तेचाळीस वर्षे जो रोज पहाटे उठून वेदीसमोर उभा राहण्याचे सोडत नाही, त्याची श्रद्धा भावनेपेक्षा खोल असली पाहिजे. शंका आली की ते पुन्हा प्रमाणांकडे वळत. प्रमाण अपुरे वाटले की गुडघे टेकत.

पंडितेचा प्रश्न

पुण्यातील पंचहौद मिशनशी त्यांचा निकटचा संबंध होता. १८९० च्या चहापान प्रकरणामुळे हे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पुण्यातच त्यांची पंडिता रमाबाईंशी भेट झाली. रमाबाईही संस्कृत विदुषी, तर्काने चालणाऱ्या, कोणाचे म्हणणे सहजासहजी न स्वीकारणाऱ्या. ख्रिस्ती स्त्रियांच्या सेवाकार्याने त्यांचे मन ओढले गेले होते, परंतु बुद्धीचे समाधान झालेले नव्हते. त्या इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे असताना गोऱ्हे यांनी पत्ररूपाने केलेले विवेचन त्यांच्या वाचनात आले. विषय तोच : ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याचे प्रमाण. या लेखनाने आपली खात्री पटली, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व कन्या मनोरमेचा वॉन्टेज येथे स्नानसंस्कार झाला.

ज्याला स्वतःला शंका सोडत नव्हत्या, त्याच्याच लेखणीने दुसऱ्याची शंका फिटावी, ही कृपेची रीत आहे. रमाबाईंनी पुढे केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो स्त्रिया व मुली तेथे वाढल्या. फादर गोऱ्हे यांच्या चरित्रात मोठी संस्था नाही, मोठे मंदिर नाही. परंतु मुक्तिसदनाच्या पायात त्यांच्या एका पत्राचा दगड आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईतच नारायण वामन टिळकांचा स्नानसंस्कार झाला होता. एक वाट संपत असताना दुसरी सुरू झाली होती.

पुन्हा हेमलकशाकडे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ज्यांनी ऐकलेच नाही त्यांचे काय? तरुण नीळकंठाचा तो आक्षेप खोटा नव्हता. ख्रिस्तसभेलाही त्याचे महत्त्व पटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सद्‌विवेकबुद्धीने जाणवणारी त्याची इच्छा आचरणात आणण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. पर्लकोटेच्या काठावरचा माडिया, ज्याच्या पूर्वजांनी येशूचे नाव कधी ऐकले नाही, तो परमेश्वराच्या प्रेमाबाहेर नाही. काशीच्या त्या पंडिताला हे उत्तर हवे होते. त्याच्या हयातीत ते इतक्या स्पष्ट शब्दांत त्याला मिळाले नाही.

मात्र याचा अर्थ प्रमाणाची गरज संपली असा नव्हे. ज्यांनी ऐकले आहे, त्या आपल्यावरच अधिक जबाबदारी येते. आपण जन्माने ख्रिस्ती आहोत म्हणून विश्वास ठेवतो, की तपासून, जाणून? आपल्या घरातील शिकलेला मुलगा जेव्हा प्रश्न विचारतो, तेव्हा आपण त्याला गप्प बसवतो, की विल्यम स्मिथ यांच्याप्रमाणे शांतपणे ऐकून घेऊन त्याच्या हाती शुभवर्तमान देतो? आणि आपली वागणूक पाहून कोणी ऑक्सफर्डमधल्या त्या व्यथित तरुणासारखा परत जायला निघाला तर?

फादर गोऱ्हे यांना दोन प्रमाणांनी ख्रिस्ताकडे आणले : एक अंतःकरणात सापडले, दुसरे इतिहासात. तिसरे प्रमाण त्यांना इंग्लंडमध्ये शोधूनही फारसे सापडले नाही. ते म्हणजे ख्रिस्ती माणसांचे जीवन. ते देणे आपल्याकडे अजून बाकी आहे.